सावंतकाकांची मॅडम

सावंतकाका नाकात नथ घालून दार उघडतात, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. नवीन माणसाला ठाऊक नसतं. एकदा सिलिंडरवाल्याने बेल वाजवली. दार उघडलं, तर समोर धिप्पाड माणूस, जाळीचं बनियन, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि त्या मिशांवर डुलणारी मोत्यांची नथ. बिचारा सिलिंडर उंबऱ्यातच टेकवून मागे सरकला. काका म्हणाले, "घाबरतोस काय? सैल वाटते का सांग."

लालबागच्या आमच्या चाळीत मी लग्न होऊन आले तेव्हा सावंतकाका एका छापखान्यात मशीनवर होते. पुढे छापखाना बंद पडला. काकी तर त्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. दिवसभर करायचं काय? तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या एका बाईंची नथ हळदीकुंकवात तुटली. काकांनी छापखान्यातून आणलेली पकड काढली आणि पाच मिनिटांत जोडून दिली. "तार ती तार," म्हणाले. "मशीनची काय नि नाकाची काय." तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. नथी, कुड्या, तन्मणी, मोत्यांचे वेल. बोटं अशी जाडजूड, की त्यांना पेरू धरताना बघितलं तरी पेरूची काळजी वाटावी. पण त्याच बोटांत मोहरीएवढा मोती आला की कुठे लपतो कळत नाही, आणि निघतो तो थेट तारेत ओवूनच.

हल्ली मुली नाक टोचत नाहीत. त्यामुळे सगळा धंदा चापाच्या नथीचा. आणि चाप म्हणजे काकांच्या आयुष्याचं ध्येय. जास्त घट्ट झाला तर नवरीच्या डोळ्यांतून पाणी, सैल झाला तर नथ जेवणाच्या ताटात. म्हणून प्रत्येक नथ ते आधी स्वतःच्या नाकाला लावतात, चिमूटभर तपकीर ओढतात आणि आरशासमोर उभे राहून शिंकतात. त्या शिंकेने समोरच्या खोलीतली भांडी वाजतात. नथ जागच्या जागी राहिली तर "शिंक पास." उडाली तर ती खाटेखाली शोधायची आणि पुन्हा चाप आवळायचा.

एकदा एक मुलगी मोबाइल घेऊन त्यांचा व्हिडिओ काढायला आली होती. "काका, नथ घालून जरा कॅमेऱ्यात बघा ना." मला वाटलं, आता हिची धडगत नाही. काका उठले, मिशा विंचरल्या आणि गंभीरपणे विचारलं, "डावी बाजू घेतेस की उजवी? नथ डावीकडे चांगली दिसते, मी उजवीकडे."

घरात दुसरी व्यक्ती म्हणजे मॅडम. मॅडम हे मांजर. करड्या रंगाचं, गुबगुबीत, पांढरे पंजे आणि चेहऱ्यावर कायम तक्रार. काका तिच्याशी अहोजाहो करतात. "मॅडम, जरा सरकता का? ऑर्डर आहे." मॅडम सरकत नाहीत. मखमलीचा लाल तुकडा दागिने मांडायला आणलेला, त्यावर मॅडम झोपतात आणि काका लाकडी स्टुलावर डोळे ताणून मोती ओवतात. सोमवारी नि गुरुवारी काका स्वतः मासे खात नाहीत, पण मॅडमची मांदेली मात्र गॅसवर असते. वास आला की मी भिंतीवर थाप मारून विचारते, "काय काका, आज गुरुवार ना?" पलीकडून उत्तर येतं, "त्यांचा नाही गो!"

मॅडमना दागिन्यातलं कळतं, असा काकांचा दावा. दोन नमुने जमिनीवर ठेवायचे. मॅडम ज्याच्यावर बसतील तो पास. मी एकदा म्हटलं, "काका, ती फक्त उन्हात बसते." काका दुखावले. "मग ऊन बरोब्बर चांगल्या नमुन्यावरच का पडतं, माका सांग."

गेल्या दिवाळीनंतर मात्र घरात चोरी व्हायला लागली. चोरीही विचित्र. कुड्यांची जोडी ठेवली तर सकाळी एकच शिल्लक. झुमक्यांतला एक गायब, एक जागेवर. काकांनी खोली उलटीपालटी केली. मग दोन दिवस विचार करून मला गॅलरीत बोलावलं आणि हळूच म्हणाले, "वैशाले, चोर साधा नाही. साधा असता तर जोडी उचलली असती. हा कोणीतरी एककानी आहे."

"एककानी?"

"एकच कान टोचलेला. आता बघ, मी पकडतो की नाही."

त्यानंतरचा महिनाभर सावंतकाका माणसांच्या तोंडाकडे बघून बोललेच नाहीत. दूधवाला असो, पाहुणा असो, नजर आधी डाव्या कानावर, मग उजव्या. माझ्या मिस्टरांनी कॉलेजात असताना हौसेने एक कान टोचून घेतला होता. ते काकांच्या लक्षात आल्यापासून आमच्याकडे साखर मागायला येणं बंद झालं.

आणि नेमकी अशा दिवसांत मी त्यांना माझ्या नणंदेच्या मुलीची, सायलीची, नथ करायला सांगितली. लग्न दादरला. नणंदेला हिंदमाताजवळच्या मोठ्या दुकानातली नथ घ्यायची होती. मी भरीला घातलं, "आमचे सावंतकाका करतात तशी तुला कुठे मिळायची नाही." नणंद म्हणाली, "बघ हं वहिनी, तुझ्या भरवशावर." नणंदेचं "बघ हं" म्हणजे काय, ते ज्यांना नणंद आहे त्यांना कळेल.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी डबी घेऊन नथ आणायला गेले. काका खोलीच्या मधोमध उभे. तोंड पांढरं.

"गेली," म्हणाले.

"काय गेली?"

"नथ. शिंक पास झाली, इथे ठेवली, तोंड पुसायला मोरीत गेलो. आलो तर नाही."

माझ्या डोळ्यांसमोर नणंद उभी राहिली, नऊवारी नेसून. मी मटकन स्टुलावर बसले. काका खाटेखाली शिरले. त्यांचे पायच तेवढे बाहेर. मी डोकं धरून गॅलरीकडे तोंड वळवलं आणि तोंड वळवलं ते तसंच राहिलं.

आमच्या चाळीच्या दोन इमारती समोरासमोर आहेत. मधल्या अंगणात पिठाची चक्की. चक्कीवर पत्रे. पहिल्या मजल्याच्या आमच्या गॅलरीतून ते हाताला लागतात. त्या पत्र्यांवरून मॅडम संथपणे चालल्या होत्या. तोंडात नथ. मोती असे नाकाखाली लोंबत होते, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई कोणाच्या तरी लग्नालाच निघाली आहे.

"काका! मॅडम!"

काका खाटेला डोकं आपटून बाहेर आले. बघितलं. क्षणभर त्यांच्या तोंडावर जे आलं तो राग नव्हता. "शोभते की गो," ते पुटपुटले. मग भान आलं आणि आम्ही दोघं जिना उतरून धावलो.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात कांबळे सिस्टर राहतात. प्रसूतिगृहात आयुष्यभर नर्स होत्या. मुलगा पुण्याला. सिस्टर एकट्याच, आणि इतक्या कडक, की त्यांच्या दारावरून जाताना मुलंसुद्धा खेळातला आरडाओरडा थांबवतात. सावंतकाका आणि त्या वर्षानुवर्षं समोरासमोर राहत होते. पण दोघांचं कधी एका शब्दाचं बोलणं झालं असेल, असं मला वाटत नाही.

त्यांचं दार उघडंच होतं. आत जमिनीवर मॅडम बशीतलं दूध पीत होत्या. सिस्टर हातात नथ धरून उजेडात बघत होत्या. काकांची नजर सवयीने कानाकडे गेली आणि तिथेच थिजली. सिस्टरांच्या एका कानात मोत्याची कुडी होती. दुसऱ्या कानात झुमका. दोन्ही दागिने काकांच्या हातचे.

"चोर!" काका ओरडले.

"कोणाला म्हणता?" सिस्टर उठल्या. त्या काकांच्या छातीपर्यंतच येतात, तरी काका दोन पावलं मागे गेले. "रोज माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवतो तो. मी काय मागायला गेले होते? आमचा बाळू आहे तो."

"बाळू?" काकांचा आवाज चिरकला. "मॅडम आहेत त्या!"

"कोण मॅडम? बोका आहे."

मॅडम दूध पीत राहिल्या.

"आमच्या मॅडमना बोका म्हणता?"

"सावंत, जन्मभर बाळंतपणं केली मी. मुलगा की मुलगी, हे आधी बघायचं असतं. तुम्ही कधी बघितलंच नाहीत?"

काकांचे कान लाल झाले. "बाईमाणसाकडे असं बघत नाहीत," ते म्हणाले.

मी पदर तोंडाला लावला. सिस्टरांनी नथीकडे मोर्चा वळवला. मी सांगितलं, उद्याच्या लग्नाची आहे, मांजराने पळवली, वगैरे. बोलता बोलता माझ्या तोंडून शिंकेची परीक्षाही निघून गेली. ते ऐकून सिस्टरांनी नथ हातातून ताटलीत ठेवली. "तुम्ही ही नाकाला लावून शिंकता? आणि मग नवरीला देता?" पुढची दहा मिनिटं काकांना स्वच्छतेवर जे व्याख्यान मिळालं, ते त्यांनी हात मागे बांधून, शाळेतल्या मुलासारखं ऐकलं. सिस्टरांनी कापसाला स्पिरिट लावून मोतीन्‌मोती पुसला. तार नुसती चमकायला लागली.

मग त्या आत गेल्या आणि एक स्टीलची वाटी घेऊन आल्या. वाटीत काकांचा सगळा चोरीला गेलेला माल. एकेक कुडी, एकेक वेल, सगळं धुऊन पुसून ठेवलेलं.

"घ्या तुमचं," त्या म्हणाल्या. कानातली दोन्हीही काढायला लागल्या. झुमका निघेना. "वॉर्डात कानात काही घालून चालत नसे. नंतर राहूनच गेलं. भोकं बुजत आली होती, काडी घालून मोकळी केली. आधी कोण आणून ठेवतंय ते कळेना. म्हटलं, आणतोय कोणीतरी आपल्याला, तर घालावं."

काकांनी वाटी घेतली नाही. नथ तेवढी उचलली, "लग्न उद्या आहे," असं काहीतरी बोलले आणि बाहेर पडले.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सायली अशी हुंदके देऊन रडली, की मेकअप गळ्यापर्यंत उतरला, पण नथ हलली नाही. नणंदेने स्वतःसाठी तसलीच एक सांगितली.

इकडे काकांनी मात्र मॅडमशी अबोला धरला. चार वर्षं मांदेली खाऊन दुसरं घर करते म्हणजे काय! आणि वर बाळू! गॅलरीचं दार त्यांनी कडी लावून बंद केलं. मॅडम आतून अशा काही ओरडायच्या, की चक्कीवाला वर येऊन चौकशी करून गेला. मी म्हटलं, "काका, निदान आता बाळू तरी म्हणा." "मॅडमच आहेत त्या," काका म्हणाले. "तिकडे काय म्हणून घ्यायचं ते त्यांचं त्या बघतील."

त्या दिवसांत दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत असले की समोर सिस्टर दिसायच्या. हातात बशी. पत्र्याकडे बघत उभ्या राहायच्या. थोड्या वेळाने बशी घेऊन आत जायच्या. कानात काही नसायचं. मी ते काकांना सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्यांच्या बंद दाराच्या काचेतून तेही तिकडेच बघताना मला रोज दिसत होते.

लग्नाचे लाडू द्यायला मी एका दुपारी त्यांच्याकडे गेले. गॅलरीचं दार सताड उघडं होतं. काका जमिनीवर उकिडवे बसलेले, समोर मॅडम आणि दोघांच्या मधे एक नवी कोरी कुडी. बारीक मोत्यांची, मधे एकच हिरवा खडा. वजनाला फुलासारखी, बुजत आलेल्या कानाला पेलेल अशी. कुडीला त्यांनी मऊ दोऱ्याचा एक फास बांधला होता, दातांत धरायला सोपा.

"अहो मॅडम, न्या ना," काका अजिजीने म्हणत होते. "इतके दिवस न सांगता नेलंत, आता सांगतो तर नेत नाही." मॅडम उठल्या, कुडीवर बसल्या.

"काका," मी म्हटलं, "दुसरी कुठेय?"

"ती उद्या. एकदम दोन कशा नेतील त्या?"

"अहो, पण समोरच तर घर आहे. जोडी डबीत घालून तुम्हीच नेऊन द्या की."

काका पकडीची टोकं एकमेकांवर आपटत राहिले. मग म्हणाले, "मांजराने आणलं तर बाई घालते गो. माणसाने आणलं की आधी विचारते, कशाला. आणि कशाला म्हटल्यावर मी काय सांगू?"

ते उठले, मॅडमकडे पाठ करून भिंतीला तोंड करून उभे राहिले. "घ्या. बघत नाही मी."

मॅडमनी अंग ताणलं, जांभई दिली, फास दातांत धरला आणि गॅलरीतून पत्र्यावर उतरल्या.

"गेल्या?" काकांनी भिंतीला विचारलं.

"गेल्या."

"कुडी पडली तर नाही ना मधे?"

"नाही."

समोरचं दार उघडलं. सिस्टर वाकल्या, उठल्या, खिडकीच्या उजेडाला सरकल्या. त्यांचा हात कानाशी गेला आणि तिथेच राहिला.

काका अजून वळले नव्हते. "वैशाले," ते म्हणाले, "घातली काय बघ गो. मी कशाला बघू."