खंडेनवमी, ड्रेन प्लग आणि माझा अंगठा

आमच्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची गळती मी बंद केली. कायमची! आता तिथून एक थेंब पडत नाही. पडेल कुठून? पण ते सोडा. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. तसं काही घडलेलंच नाही.

ट्रॅक्टर वयानं माझ्यापेक्षा मोठा, घरात मानही त्यालाच जास्त. दसऱ्याला सोयाबीनची मळणी ठरलेली, वर ढग टपून बसलेले आणि हा पठ्ठ्या खालच्या ड्रेन प्लगमधून, म्हणजे ऑइल सोडायच्या बोल्टमधून, तान्ह्या बाळासारखी लाळ गाळत होता. मळणी यंत्र ठरवायला जाफराबादला निघताना माझे वडील, अण्णा, म्हणाले, "धर्मराज मिस्तरीला बोलवू का?"

"मिस्तरी कशाला? मी हाय ना!"

"बराबर बसवलास तर दसऱ्यापासून चावी तुझी. न्हाई तर जल्मभर ट्रॉलीत बसायचं!"

माझी योजना बिनचूक होती. अण्णांनी नुकतंच नवं ऑइल भरलेलं. ते कशाला काढायचं? प्लग काढायचा, भोकात अंगठा घालायचा, दुसऱ्या हातानं प्लगवर नवं वायसर चढवायचं, प्लग परत! आत झोपलेल्या ऑइलला पत्ताही लागणार नाही.

ट्रॅक्टरखाली शिरलो. प्लग काढून चाकाजवळ ठेवला, अंगठा घातला. असा बसला की जणू कंपनीनं माप घेऊनच पाठवला होता! वायसर मात्र खिशात अडकलं. अर्धा तास झगडून ते उपसून काढलं नि चाकाजवळ चाचपलं तर माती. आणखी चाचपलं. आणखी माती.

"आई! इथला प्लग कुठंय?"

"पाटावर!" ओसरीतून आवाज आला. "आज खंडेनवमी न्हाई का? अंगणातलं सगळं लोखंड पुजलं. विळे, खुरपी, पाने, अन् तुझा तो बोल्ट बी. राखेनं कसा घासलाय बघ!"

"दे इकडं, जल्दी!"

"पुजलेलं हत्यार हलवतेत का कुठं? उद्या सकाळी उठवू."

"निदान खाली घमेलं तरी सरकव!"

"त्ये बी लोखंडाचंच हाय की!"

एवढ्यात शेजारचे मच्छिंद्रकाका वाकून बघू लागले. "काय करून राह्यला रे, कल्याण?"

"ट्रॅक्टर दुरुस्त करून राह्यलो."

"मला वाटलं, त्यानं तुला धरलं. आरं, चिंधी कोंब ना!"

"आणा की मंग चिंधी, काका!"

"आलोच," म्हणत काका गेले ते आमच्याच ओसरीत चहाला बसले.

मग आई ट्रॅक्टरच्या पूजेला आली. बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाला लावलं आणि शेवटी बाहेर आलेल्या माझ्या पायांनाही लावलं!

"आई, मी हत्यार न्हाई!"

"ट्रॅक्टरला जोडलेला हायेस ना? मंग तू बी आज हलायचं न्हाई!"

आणि माझ्या नाकाशी तिनं उदाचं भांडं ठेवलं. मी श्वास रोखला, दात आवळले, कुलदैवताला नारळ बोललो. पण शिंक आली! अशी आली की मी इकडं, अंगठा तिकडं! ऑइल छातीवर, ऑइल कानात, ऑइल आईच्या रांगोळीवर!

नेमके तेव्हाच अण्णा फाटकात उभे.

"गळती थांबली का?"

"थांबली."

"अन् ऑइल?"

"त्ये बी... थांबलं."

अण्णांनी खिशातून चावी काढली, पाटावर विळ्यांच्या मधोमध ठेवली, वर एक झेंडू वाहिला.

"उद्या सकाळी उठवायची ना, अण्णा?"

"हिला पुढच्या दसऱ्याला."

मळणीला काकांचा ट्रॅक्टर आला. मी ट्रॉलीत. तिथूनच हा अर्ज.

तरी माननीय तहसीलदार साहेबांस नम्र विनंती की, ड्रेन प्लग हे हत्यार नसून ट्रॅक्टरचा सुटा भाग आहे व अर्जदार हा दोहोंपैकी काहीच नाही, असा लेखी आदेश आमच्या मातोश्रींच्या नावे तात्काळ काढण्यात यावा. सहीऐवजी अंगठा उठवला आहे. शाई लागली नाही, ऑइल पुरलं.