दिनानाथ गुरुजींनी दिलेली माफी

रोह्यात दिनानाथ गुरुजींच्या ओटीवर रोज संध्याकाळी संस्कारवर्ग भरत असे. पहिला अर्धा तास देवाचा आणि दुसरा अर्धा तास देशाचा. आधी स्तोत्रं, मग राज्यघटनेची उद्देशिका. ते स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं वर्ष होतं, त्यामुळे देशाचा अर्धा तास पाऊण तासावर गेला होता. पोरं स्तोत्रात जांभया देत आणि उद्देशिकेत एकमेकांना चिमटे काढत. धडाधड म्हणून दाखवायची ती एकटी मालू, गुरुजींची दहा वर्षांची नात. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता असं ती अशी ठासून म्हणायची की समोरच्या कमळाकरच्या घरातलं मांजरसुद्धा उठून बसायचं.

आता हा कमळाकर म्हणजे गुरुजींच्या जिवाला घोर. माणूस वाईट नव्हता, पण दरवर्षी त्याच्या गणपतीची आळीभर तारीफ व्हायची आणि गुरुजींच्या गणपतीला लोक नुसते हात जोडून निघायचे. गुरुजी पेणच्या कारखान्यात आपला पाट पाठवून साधी, वीतभर मूर्ती सांगत. घाईगर्दीत कुणीतरी शिकाऊ पोऱ्या तिचे डोळे रंगवी, आणि देव दरवर्षी थोडा वैतागलेला दिसे. "देव मूर्तीत नसतो, भावात असतो," असं गुरुजी सांगत. सांगताना नजर मात्र समोरच्या ओटीवर असे.

त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गुरुजी मालूला घेऊन पेणला गेले. मूर्ती ताब्यात घेतली, रिवाजाप्रमाणे तिच्या तोंडावर लाल रुमाल टाकला आणि दोघं एस.टी. स्टँडवर आली. स्टँड गणपतींनी फुलला होता. बाकावर एक काळासावळा, हाडापेरानं मजबूत माणूस बसला होता, शेजारी तशीच वीतभर मूर्ती, तसाच लाल रुमाल.

"कुठले तुम्ही?" गुरुजींनी आपली मूर्ती तिथेच टेकवत विचारलं.

"खारेपाटातला. काळुराम म्हात्रे. मिठागरावर असतो. पावसात मीठ नाय, म्हनून इथं कारखान्यात माती मळतो."

बस यायला अवकाश होता आणि समोर ऐकणारा होता. एवढं गुरुजींना पुष्कळ झालं. त्यांनी त्याला राज्यघटना सांगायला घेतली. मिठागरावरचा माणूस आणि मंत्री कायद्यापुढे कसे सारखे, बंधुता म्हणजे काय, सगळं. काळुराम हात जोडून ऐकत होता. समता संपून बंधुता ऐन रंगात आली आणि रोह्याची गाडी लागली. गुरुजींनी बोलता बोलताच मूर्ती उचलली, मालूनं छत्री आणि पिशवी घेतली, आणि दोघं धावत गाडीत चढली.

घरी येऊन गुरुजींनी देव मखराजवळ ठेवला आणि रुमाल काढला. काढला आणि बघतच राहिले. डोळे असे, की आता काहीतरी बोलेल. सोंडेवर नाजूक वेलबुट्टी, पितांबराला खऱ्यासारखी चुणी. हे शिकाऊ पोऱ्याचं काम नव्हतं. कारखान्याच्या मालकानं स्वतः डोळ्यांची आखणी केली असणार, माती मळणाऱ्या आपल्या माणसासाठी.

तेवढ्यात दारातून कमळाकरचा आवाज आला. "गुरुजी, काय मूर्ती आहे हो! आमची नाय बा अशी कधी झाली."

वीस वर्षं ज्या वाक्यासाठी कान आसुसले होते ते असं कानावर पडल्यावर माणूस काय करणार? "ठीक आहे आपली," गुरुजी म्हणाले, आणि मनातून विरघळले.

कमळाकर गेला. मालू वाकून पाट बघत होती. "आजोबा, पाटाच्या कडेला काळुराम म्हात्रे लिहिलंय. हा आपला नाय. आपला त्या काकांकडे राहिला."

"असेल, असेल. अंधारून आलंय, आता गाडी कुठली? सकाळी बघू."

सकाळी पेणची पहिली गाडी सव्वासहाला होती. गुरुजींना ती तोंडपाठ होती. पण पाच वाजताच ते आंघोळ करून, कद नेसून, पोथी उघडून बसले होते. एरवी दहाच्या आधी त्यांच्याकडे पूजा होत नसे. त्यांच्या पत्नी शांतीबाई डोळे चोळत म्हणाल्या, "अहो, मोदकांची उकडसुद्धा काढली नाय अजून, एवढी कसली घाई?"

"मुहूर्त आहे," गुरुजी म्हणाले.

मालू खांबाला टेकून बघत होती. पोथीतला मजकूर गुरुजींनी इतका भरभर वाचला, की वर्गात कुणी पोरानं तसा वाचला असता तर कान पिळला असता. प्राणप्रतिष्ठा झाली. आता उत्तरपूजेपर्यंत देव हलवायचा नाही, असं शास्त्र आहे. शास्त्रापुढे बिचाऱ्या गुरुजींचा काय इलाज?

नऊच्या सुमाराला ओटी दर्शनाला आलेल्यांनी भरली. कमळाकर तर मोदकाची बशी घेऊन ठाण मांडूनच बसला होता. आणि अंगणात काळुराम उभा राहिला. डोक्यावर लाल रुमालातला गणपती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले.

"गुरुजी, पाटावर तुमचं नाव व्हतं, इचारत इचारत आलो," तो म्हणाला. "घरी पूजा थांबवून आलोय. म्हटलं, गुरुजींचा देव माझ्याकडं, ते बिचारे रिकाम्या मखरापुढं बसलं असतील."

"अरेरे," कमळाकर म्हणाला. "म्हणजे अदलाबदल झाली?"

सांगायची वेळ हीच होती. पण काळुरामनं मूर्ती ओटीवर ठेवली आणि एकदम त्यांचे पाय धरले.

"चूक माझी हाय गुरुजी. तुमी माझा गनपती उचललात, ते मी बगलं व्हतं. हाक मारायला तोंड उघडलं, आन् गप बसलो. एवढा शिकलेला मानूस, सगळी मानसं सारखी म्हनतो, त्याचा देव एक वरीस माझ्या घरात बसला तर माझी पोर हौसा चार बुकं शिकंल, असं मनात आलं. पन जीव लागंना. तुम्हाला फसवलं. माफी करा."

सगळे गुरुजींकडे बघत होते. आणि दिनानाथ गुरुजींनी, ज्यांनी आदल्या संध्याकाळीच पाटावरचं नाव ऐकलं होतं त्या दिनानाथ गुरुजींनी, काळुरामला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, "होतं असं माणसाच्या हातून. मी माफ केलं."

"वा," कमळाकर म्हणाला. "मन मोठं पाहिजे."

"पण आमची पूजा होऊन गेली," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "कळलं, तेव्हा उशीर झाला होता. आता देव हलवता यायचा नाही."

"मंग मलाच उशीर झाला," काळुराम म्हणाला. त्यानं मखराकडे एकदा डोळे भरून बघितलं, नमस्कार केला, आणि गुरुजींचा वैतागलेला गणपती परत डोक्यावर घेऊन निघाला. जाताना मोदकसुद्धा घेतला नाही. घरी पूजा व्हायची होती, त्याला उपास होता.

ओटीवर गुरुजींच्या मोठेपणाच्या गोष्टी सुरू झाल्या. एकेक शब्द त्यांना चटका देत होता. विषय बदलायला म्हणून ते म्हणाले, "मालू, पाहुण्यांना उद्देशिका म्हणून दाखव बाळ."

मालूनं मान वर केली नाही. "मला येत नाय."

"असं काय करतेस? रोज म्हणतेस की."

"विसरले," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

मालू विसरली नव्हती. ते तिला ठाऊक होतं आणि गुरुजींना ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हेही गुरुजींना ठाऊक होतं. भर ओटीवर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले आणि होते तसे निघाले. नेसूचा कद, उघडं अंग, पायात वहाणा नाहीत. रोह्याच्या बाजारपेठेनं आजवर गुरुजींना टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. त्या दिवशी फुलवाल्यांपासून एस.टी.च्या हमालापर्यंत सगळ्यांनी सगळंच पाहिलं. मागून पावलं वाजत होती. मालू होती, पण ती चार हात अंतर ठेवून येत होती.

काळुराम स्टँडवर मूर्ती मांडीवर घेऊन बसला होता. गुरुजींना धाप लागली होती. त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नाव काल संध्याकाळीच कळलं होतं. पहिली गाडी पकडता आली असती. देव देखणा होता म्हणून पहाटेच पूजा उरकली. कमळाकरनं तारीफ केली म्हणून. "मला लाज वाटते," ते म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांना रडूच आलं.

काळुरामनं सरकून बाकावर जागा केली.

"बसा गुरुजी. म्हंजे आपन दोगं सारखंच म्हना की."

गुरुजी बसले. इतकी वर्षं शिकवलेली समता अशी अंगाला अंग लावून बसेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण मोकळंही वाटलं. झालं, सुटलो, असं वाटलं.

काळुराम मात्र विचारात पडला होता. "नाय गुरुजी," तो म्हणाला, "सारखं कसं? मी चार मानसांत बोललो. तुमी हितं, एकट्यात."

गुरुजींनी मालूकडे पाहिलं. ती नुसती वाट बघत होती. पेणची गाडी लागली. काळुराम चढायला उठला, तर गुरुजींनी त्याचा हात धरला. "ही सोडा. पुढच्या गाडीनं जा. माझ्याबरोबर चला."

तिघं परत निघाली. वाट फारच लवकर संपली. ओटी अजून भरलेलीच होती.

"या गुरुजी," कमळाकर पाचवा मोदक मोडत म्हणाला, "तुमचंच चाललं होतं. म्हटलं, आजच्या काळात अशी माफी कोण देतो?"

गुरुजींनी चिखलाचे पाय पायरीला पुसले. मालू त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"कमळाकर," ते म्हणाले, "जरा आळीतल्या सगळ्यांना बोलव."

"कशाला?"

"सांगतो. आणि वर्गातल्या पोरांनाही आण. त्यांना पुढे बसव."