हेल्मेटातल्या मॅडमचा चहा

चहाला विचारल्यावर पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात आजवर जन्माला आलेला नाही. आणि एका यंत्राने मला त्यावरून नापास केलं!

झालं असं, की बेंगळुराजवळ बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात परदेशी साहेब आला. स्टोअर्समधल्या एका कारकुनाला सुपरवायझर करणार, पण इंग्रजी बोलता आलं पाहिजे, असं त्याने जाहीर केलं. मी लगेच इंदिरानगरातल्या क्लासात नाव घातलं. सत्त्याण्णव साल, आणि तिथे म्हणे ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’! डोक्यावर भलंमोठं हेल्मेट चढवलं, की माणूस थेट लंडनात. (मान मात्र बेंगळुरातच मोडते.)

परीक्षेच्या दिवशी हेल्मेटात एक चौकोनी गालांच्या गोऱ्या मॅडम आल्या.

“वुड यू लाइक सम टी?”

“नो, नो!” मी संकोचून म्हणालो.

आता आग्रह होईल म्हणून वाट बघतोय, तर बाईंनी किटली उचलली, ‘गुडबाय’ म्हटलं आणि दार लावून घेतलं. सगळा अंधार!

हेल्मेट काढलं. क्लासचे आप्पाजी कॉम्प्युटरपाशी बसून माझी उत्तरं ऐकत बटणं दाबत होते.

“काय अण्णा, नो कशाला म्हणलं? फेल की हो!”

“अहो, पण तिने परत विचारायला नको? पाहुणा घरी आलाय!”

“स्वल्प समजून घ्या. मशीन एकदाच विचारतंय.”

“मग मशीनला वळण नाही!” मी ओरडलो.

घरी वासंतीला सांगितलं, तर ती म्हणाली, “चहा हवाच होता ना? मग हो म्हणायला काय झालं?” (स्वतःची बायको!) तिने आठवडाभर माझा सराव घेतला. कारल्याची भाजी वाढू? येस प्लीज. दळण आणता? येस प्लीज. माझी आई महिनाभर राहायला येऊ दे? येस प्लीज!

पुढच्या रविवारी मी मॅडमकडे तीन कप चहा आणि दोन केक हाणले. पास!

सोमवारी साहेबाने सर्टिफिकेट बघितलं आणि हसून इंग्रजीत विचारलं, “स्टोअर्समध्ये तुमचं छान चाललंय. तिथेच राहायला आवडेल का?”

“येस प्लीज!” मी खणखणीत आवाजात म्हणालो.

साहेबाने उठून माझा हात हातात घेतला, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. बढती मात्र स्टोअर्समधल्याच दुसऱ्या कारकुनाला, विश्वासरावला मिळाली. त्याला इंग्रजीचा गंधही नाही. साहेबाने त्यालाही तेच विचारलं होतं, तेव्हा तो लाजून म्हणाला, “नो, नो!”