धरणगडच्या कोठीदाराने आपलेच गाठोडे बांधिले त्याची हकीकत

श्रीगजानन आणि अखंड वीजपुरवठा या उभय दैवतांस नमन करून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मासी धरणगडावर जो आकांत जाला तो ऐकिल्याबरहुकूम सांगितला जातो.

दौलतीत मोठाले संगणक होते, त्यांस गड म्हणत, आणि तीन गड तीन जातींचे. प्रत्येक गडावर एक कोठीदार, तोही मनुष्य नव्हे, प्रोग्रामच. काम त्याचे हे की, हवा तो प्रोग्राम गाठोड्यात बांधून आणून गडावर बसवावा आणि नको तो काढावा. परंतु रिवाज तिघांचे निराळे. टपालगडचा कोठीदार एक गाठोडे मागावे तो त्याचे सोयरेधायरे दहा घेऊन येई. धरणगडचा कोठीदार काय येणार आणि काय जाणार हे पडद्यावर सविस्तर मांडी आणि शेवटी पुसे, "करू? होय की नाही?" आणि वेधगडावर तयार गाठोडे मिळतच नसे, कच्चा माल आणून तेथेच शिजवावा लागे. शिवाय एका गडाचे गाठोडे दुसऱ्या गडावर सुटत नसे, ही आणखी एक मौज.

धरणगड रंगोपंत केळशीकर यांजकडे होता. धरणाचे दरवाजे याच गडाच्या हुकुमाने उघडत, आणि धरणाखाली नदीकाठी पेठ, आणि पेठेत पंतांचे कुटुंब सारजाबाई बाळंतपणास माहेरी गेलेली, दिवस भरलेले. ऐशियात दौलतीच्या धनीण बाईसाहेब सरकार यांचा हुकूम आला की, जुने काही ठेवू नये, तिन्ही गडांवर सर्व नवे चढवावे. आता पंतांची, आणि खरे सांगावे तर त्या धंद्यातील सगळ्यांचीच, एक खोड होती. कोठीदाराचे पुराण वाचावे कोणी? म्हणून हुकुमाच्या शेपटीसच आगाऊ 'होय' बांधून देत, आणि मग चहास जात. पंतांनी जुना दुभाष्या काढण्याचा हुकूम सोडिला. दुभाष्या म्हणजे प्रोग्रामांची बोली यंत्रास समजावणारा. हुकुमास 'होय' बांधिले आणि चहास गेले. मागे कोठीदाराने इमानाने मांडिले, "दुभाष्या गेला तर दरवाज्यांचा कारभारी जाईल, पुराचा इशारा देणारा भोंगेवाला जाईल, आणि मीही जाईन, कारण माझीही बोली तोच समजावतो. करू?" होय तर आधीच मिळाले होते. मग त्याने दुभाष्यास काढिले, कारभाऱ्यास काढिले, भोंगेवाल्यास काढिले, आणि शेवटी आपले गाठोडे बांधून आपणच चालता जाला.

पंत चहा पिऊन आले तो खिडकीतून धरणाचे पाणी पावसाने वर आलेले दिसले. दरवाजे उघडण्यास सांगितले. पडद्यावर उमटले, "असा कोणी येथे नाही." कोठीदारास हाक मारिली. "असा कोणी येथे नाही." दुभाष्या आणावा तर कोठीदार पाहिजे, आणि कोठीदार उठवावा तर दुभाष्या पाहिजे! हाताने फिरवावयाचे चाक होते, ते मागल्या सुधारणेत काढून बागेत शोभेस ठेविले होते. टपालगडाहून गाठोडे मागविले, ते येथे सुटेना. मग वेधगडच्या गडकरीण तुळजाबाई नाडगौडा यांस फोन लाविला.

"तुळजाबाई, घात जाला! कोठीदार गेला!"

"गेला म्हणजे? वारला की काय?"

"मीच काढिला. होय आधी दिले होते."

"अहो पंत, लग्नातही असेच केलेत का, आधी होय आणि मग वाचन?"

"थट्टा मागाहून करा हो! सारजा खाली पेठेत आहे!"

तेव्हा बाईंची थट्टा थांबली. त्यांनी धरणगडाच्या मापाचा दुभाष्या आपल्या गडावर शिजत घातला. शिजता शिजेना. पंत दर घटकेस पुसत, "जाला का?" आणि बाई म्हणत, "अर्धा कच्चा पाठवू? पोट बिघडेल गडाचे!" पाणी भिंतीच्या तांबड्या रेघेस लागले आणि भिंत हुंकारू लागली. सांजेस दुभाष्या आला, पंतांनी हाताने बसविला, त्याच्या आधाराने कोठीदारास उभा केला, आणि कारभारी परत मागितला. कोठीदार उठताच पूर्वीच्याच संथपणे सगळे मांडू लागला.

"होय म्हणा, पंत!" बाई फोनवर ओरडल्या.

पंतांनी बोट कळीवर नेले, परंतु दाबिले नाही. जन्मात प्रथमच ते ओळ न् ओळ वाचू लागले. बाहेर भिंत हुंकारते आणि आत पंत वाचतात! आणि तळाशी लिहिलेले की, कारभारी येईल तो नवा येईल, आणि नव्याचा रिवाज ऐसा की आल्याबरोबर सगळे दरवाजे बंद करून पुढील हुकुमाची वाट पाहावी, आणि ती वाट सकाळपर्यंत. पंतांनी "नाही" म्हटले. मग जुनाच कारभारी नाव घेऊन मागितला, पुन्हा सगळे वाचिले, आणि डोळे मिटून "होय" म्हटले. कारभारी आला. दरवाजे करकरले, उघडले, आणि पाणी रीतीने सुटून पेठेच्या पायऱ्यांशी येऊन थांबले.

पंत अनवाणी धावत पेठेत गेले. हाका मारिल्या, दारे ठोठाविली, तो पेठेत मनुष्य नाही, कुत्रे नाही. पंत पायऱ्यांशी जाऊन पाण्यात पाहू लागले. इतक्यात वरून टेकडीच्या देवळातून सासूबाईंची हाक आली, "जावईबापू, वर या! मुलगी जाली!" पंत धापा टाकीत वर गेले तो अवघी पेठ तेथे चूल मांडून बसलेली.

"तुम्हांस कळविले कोणी? भोंगा तर वाजलाच नाही," पंत म्हणाले.

सारजाबाई लेकीस पदराखाली घेत बोलली, "भोंगा कशास पाहिजे? सरकारांनी सर्व नवे चढविण्याचा हुकूम काढिला, आणि गडावर तुम्ही, हे सकाळी ऐकिले, तेव्हाच बिऱ्हाड उचलिले. दर वेळेस आम्ही ऐसेच करितो."

तात्पर्य, धरण राहिले, पेठ राहिली, पंतांचीही नोकरी राहिली. सरकारांनी पेठकरांच्या सावधपणाबद्दल टेकडीवर पक्की धर्मशाळा बांधून दिली, आणि ती तयार होताच सर्व नवे चढविण्याचा हुकूम पुन्हा निघाला. हकीकत येथे पुरी जाली.