आल्या वाटेनं जायचं नाही

अण्णांच्या घरात पुढच्या दारानं यायचं आणि मागच्या दारानं जायचं. मधे वळायचं नाही. तुम्ही कलेक्टर असा नाहीतर माझ्यासारखा पाण्याचे जार टाकणारा. पुढच्या खोलीतनं हातभर रुंदीचा बोळ, बोळातनं स्वयंपाकघर, तिथनं मागचं दार, मग मोरी, आणि गल्लीतनं वळसा मारून परत रस्त्यावर. चपला दारात काढायच्या नाहीत, हातात घ्यायच्या. कारण चपलेकडं परत जाता येत नाही.

मी पहिल्या दिवशी चपला दारातच काढल्या. जार ठेवला, रिकामा उचलला आणि वळलो. तर मागनं आवाज आला, "आल्या वाटेनं जायचं नाही!"

म्हणलं, "अण्णा, चपला."

"चपला तुझ्या हायेत. वाट माझी हाय."

मोरीवरनं अनवाणी गेलो, बाभळीचा काटा मोडला, आणि टेम्पोपाशी आलो तर एक चप्पल कुत्र्यानं नेलेली.

अण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, संक्रांतीला हळदीकुंकू केलं. सोसायटीतल्या बायका भारी साड्या नेसून आल्या आणि एका हातात वाण, दुसऱ्या हातात सँडल घेऊन मोरीवरनं बाहेर पडल्या. गणपती पण तसाच गेला. गुरुजी म्हणाले, "अहो, देवाला मोरीवरनं नेता?" अण्णा म्हणाले, "आला कुठनं? पुढनं. मग जाणार कुठनं?" मी टाळ वाजवत होतो. मला हसू आलं म्हणून मलाच शिव्या बसल्या, गुरुजींच्या वेगळ्या, अण्णांच्या वेगळ्या.

मला वाटायचं, हे कारखान्याचं खूळ. अण्णा एका सहकारी साखर कारखान्यात गाडीतळावर मुकादम होते. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्यांना नंबरात लावायचं काम. एका गेटनं आत, काट्यावर वजन, ऊस खाली केला की दुसऱ्या गेटनं बाहेर. तीस वर्षं हेच केलं. मधेच कुणी तोंड फिरवलं तर अख्खा तळ तुंबणार आणि शिव्या अण्णांना. म्हणून अण्णांनी शिव्या आधीच द्यायची सवय लावून घेतली. गळ्यातली तळावरची शिट्टी रिटायर झाल्यावरही काढली नाही. पुण्याजवळ मांजरीत दोन खोल्या बांधल्या, पुढं रस्ता रुंद झाला, मधे डिव्हायडर आला, आणि अण्णांना नवीन तळ मिळाला.

रोज सकाळी आठ वाजता घरासमोर रस्त्यावर उभे. उलट्या बाजूनं कुणी आलं की शिट्टी. "नंबरात! नंबरात या! डोळे फुटले का? पलीकडनं ये!" कंपनीचा पट्टा गळ्यात घातलेली पोरं म्हणायची, "अंकल, चिल." अण्णांना चिलचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. ते उलटी शिवी समजून दुप्पट परत करायचे.

आता माझं सांगतो. मी लोणी काळभोरचा. शाळा चौथीपर्यंत, पण चौथी दोनदा केली. मांजरीची लाइन मला गेल्या वर्षी मिळाली. डिव्हायडरची फट अण्णांच्या घरापासनं दीड किलोमीटर पुढं. म्हणजे पन्नास पावलांसाठी तीन किलोमीटर फिरायचं. फट करणाऱ्याच्या घरी पाणी मी टाकत नाही, नाहीतर त्याला रोज इथनं फिरवला असता. तर मी काय करायचो? लाइट लावून, हॉर्न वाजवत, कडेकडेनं उलटा यायचो. लाइट लावला की उलटा माणूस सुलटा होतो असं मला खरंच वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी अण्णा टेम्पोसमोर उभे.

"वळव."

"अण्णा, दोन मिनिटाचं काम हाय."

"दोन मिनिटं? कमरेचं हाड मोडायला किती लागतात?"

म्हणलं, म्हातारा मारतोय की काय! हात जोडले. "अण्णा, मारू नका, घरी बायको आधीच मारते."

अण्णा हसले नाहीत. शेजारच्या सीटवर येऊन बसले, दार आपटलं आणि तीन किलोमीटर फिरवून परत घरापाशी आणलं. सगळ्या वाटेत खिडकीतनं डोकं काढून शिव्या. सिग्नलला एका पोलिसालाही दिल्या, "साहेब, तुम्ही झाडाखाली आणि गाडी झेब्र्यावर!" दंड मला झाला.

तेव्हापासनं अण्णांच्या घरी मी सरळ यायचो. बाकी गिऱ्हाइकांकडं उलटाच. इमानदारीची पण एक लिमिट असते.

तर हा माणूस एक दिवस माझा मोबाइल बघत बसला. काकू रिकामा जार विसळत होत्या, मी रील बघत उभा. मोटारींची शर्यत चालली होती. बसक्या गाड्या, कानठळ्या बसवणारा आवाज. अण्णा वसकन ओरडले, "बंद कर ते भुंगाट!" आणि मग हातातनं मोबाइल ओढून घेतला. डोळ्यापाशी नेला, लांब धरला. दहा मिनिटं शिवी नाही. मला वाटलं, झटका आला.

"दत्तू," अण्णा म्हणाले, "समोरून कोण येतच नाही रे."

"शर्यत हाय अण्णा. सगळे एकीकडंच जाणार."

"मग परत कसे येतात?"

"परत येत नाहीत. गोल फिरून तिथंच येतात."

"म्हणजे आल्या वाटेनं नाहीच!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "हे कुठं हाय?"

"चेन्नईकडं एक ट्रॅक हाय म्हणे. तिकीट काढून बघता येतं."

"तीन काढ. मी, ही आणि तू. तुला पण बघू दे माणसं गाडी कशी चालवतात."

आतनं काकूंचा आवाज आला, "मी कुठं येणार नाही हं. घरातनं बाहेर पडायचं मला सांगू नका."

अण्णांनी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, कारण लगेच माझ्यावर ओरडले, "उभा काय राहिलास? बघ तिकीट!"

मग सुरू झाली तयारी. अशी तयारी आमच्याकडं लग्नाची पण होत नाही, आणि इतकी भांडणं तर नाहीच. बसायचं कुठं? मी म्हणलं, शर्यत संपते तिथं. "तुला काय कळतं? तळावर गर्दी कुठं व्हायची? वळणावर. माणसाची लायकी वळणावर कळते. वळणावरचं काढ." रेल्वेनं जायचं सोलापूरमार्गे आणि यायचं बंगळूर, मिरजेवरनं. म्हणलं, "अण्णा, एक दिवस वाढतो." "वाढू दे. आल्या वाटेनं येणार नाही." मी म्हणलं सतरंजी घेऊ, आधी जाऊन जागा धरू, जत्रेसारखं. अण्णा म्हणाले, "अक्कल गहाण ठेवलीस का, तिथं खुर्च्या असतात." संध्याकाळी बघतो तर काकूंच्या हातनं सतरंजी धुऊन वाळत घातलेली.

तिकिटाच्या ॲपवर एक फोन नंबर होता. अण्णांनी लावायला लावला. पलीकडं एक पोरगी हिंदीत बोलायला लागली.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "उधर सामनेसे कोई आता है क्या?"

"सामने से? मतलब, सर?"

"मतलब उलटा! राँग साइड!"

"सर, ये रेस है."

"इसीलिए तो पूछता है! एकदम पक्का बताव. मेरे साथ मेरी घरवाली है."

मग त्या बिचारीनं नीट सांगितलं. कुणी उलटं आलं तर त्याला शर्यतीतनं बाहेर काढतात. अण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले. "ऐकलंस? बाहेर काढतात! आणि इथं? इथं तुझ्यासारख्याकडनं लोक दार उघडून पाणी घेतात!"

आवाजाचा प्रश्न निघाला. काकू देवाच्या वाती वळतात. त्यांनी त्याच कापसाचे कानात घालायचे बोळे वळले, तेल लावून घट्ट, आणि स्टीलच्या वाटीत ठेवले. चार. म्हणाल्या, "तुमच्या दोघांचे झाले हो."

अण्णांनी वाटीत बघितलं. बाहेर जाऊन एका डिलिव्हरीवाल्याला एवढ्या शिव्या दिल्या की त्यानं पार्सल तिथंच टाकून पळ काढला.

आता इथं मी तोंड उघडलं. माझ्या तोंडाला कुलूप लावायची सोय देवानं केली नाही. म्हणलं, "अण्णा, कशाला काकूंना ओढता? त्यांचे गुडघे दुखत असतील, काठी घेऊन चालतात. आपण दोघं जाऊ. त्यांना राहू द्या की घरी."

अण्णांनी रिकामा जार उचलला आणि मागच्या दारातनं गल्लीत भिरकावला. "तिच्याशिवाय मी काय माती खायला चाललोय का तिकडं? निघ! उद्यापासनं पाणी बंद!"

मला पण राग आला. म्हणलं, म्हाताऱ्या, तुझ्या एका जारसाठी तीन किलोमीटर फिरतो मी! हे मी गल्लीत जाऊन म्हणलं, जार उचलताना, हळू आवाजात. पण म्हणलं.

चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी काकूंचा फोन. "दत्तू, पाणी संपलंय रे. ह्यांच्याकडं बघू नको, ये."

गेलो. रागातच गेलो. आणि सांगायला लाज वाटते, उलटा गेलो. अण्णा रस्त्यावर दिसले नाहीत, बरं झालं म्हणलं. भरलेला जार स्वयंपाकघरात ठेवला, मागच्या दारातनं डोकावलो, तर अण्णा गल्लीत माझ्याच दिशेनं तोंड करून दात घासत उभे. माझी फाटली. झटकन वळलो आणि पुढच्या दाराकडं सुटलो.

बोळात समोरून काकू येत होत्या.

काही झालं नाही. मी धक्का दिला नाही, हात पण लावला नाही. दोन हात लांब होतो. पण काकू जागेवर थिजल्या. काठी पडली. दोन्ही तळवे भिंतीला लावून, डोळे गच्च मिटून उभ्या. तोंड पांढरं पडलेलं. ओठ हलत होते. "जाऊ दे, त्याला आधी जाऊ दे, जाऊ दे..."

मला मागं सरकायचं पण सुचेना. मागनं अण्णांची चाहूल लागली. म्हणलं, आता मेलो.

अण्णा ओरडले नाहीत. त्या घरात पहिल्यांदाच इतका हळू आवाज ऐकला. "दत्तू, तिच्याकडं पाठ कर."

मी पाठ केली. तर समोर अण्णा. मग अण्णांनी पण पाठ फिरवली. आता बोळात सगळ्यात पुढं अण्णा, मधे मी, मागं काकू. तिघांची तोंडं एकीकडं.

"बघ," अण्णा मागं न बघता म्हणाले, "डोळे उघड. समोरून कोण नाही. सगळ्यांची तोंडं एकीकडं हायेत. चल. सावकाश."

कितीतरी वेळ गेला. मग मागनं पाय घासल्याचा आवाज आला. माझ्या पाठीवर शर्टाला काकूंची बोटं लागली. आम्ही असे नंबरात, पाऊल पाऊल करत, स्वयंपाकघरात आलो. अण्णांनी खुर्ची सरकवली. काकू बसल्या आणि मलाच म्हणाल्या, "घाबरलास का रे?"

मागं मोरीपाशी अण्णांनी सांगितलं. माझ्याकडं न बघता, नळाकडं बघून.

"दोन वर्षं झाली. कोथिंबीर आणायला पलीकडं निघाली होती. घरासमोर. उजवीकडं बघत होती. गाड्या उजवीकडनं येतात ना? ती बरोबर बघत होती रे. तो डावीकडनं आला. लाइट लावून. कमरेचं हाड जुळलं. पण त्यानंतर उंबऱ्याबाहेर नाही. पहिले सहा महिने घरात पण समोरून मी आलो तरी अशीच व्हायची. मग मी वाट लावून दिली घराला."

"तो कोण होता, अण्णा?"

"पळाला."

तो मी नव्हतो. तेव्हा मी हडपसरला भाजीच्या टेम्पोवर होतो. पण हे मी अण्णांना सांगायला गेलो नाही. कारण तिथं पण मी उलटाच यायचो, लाइट लावून. कुणी कोथिंबीर आणायला निघालं होतं का, मी कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी टेम्पोत बसलो आणि स्वतःला एवढ्या शिव्या दिल्या, अण्णांना पण सुचल्या नसत्या. आता सगळ्याच गिऱ्हाइकांकडं तीन-तीन किलोमीटर फिरून जातो. पाणी उशिरा पोचतं. शिव्या खातो. सवय हाय.

शर्यतीला आठवडा राहिला तेव्हा मी जार घेऊन गेलो. चपला हातात. अण्णा माझ्याआधीच पुढच्या दारानं आत आलेले, स्वयंपाकघरात उभे, सामान बघत, चिडत. "शेंगदाण्याची चटणी कुठं हाय? सतरंजी कशाला बांधलीस? आणि हे..."

वाटी हातात होती. बोटानं बोळे बाजूला करत होते. एकदा मोजले. परत मोजले.

"हे सहा कसे?" अण्णा खेकसले. "दत्तू, तुला चार कान हायेत का? चार पाहिजेत. हे सहा कुणी..."

काकू खुर्चीत बसून कापूस पिंजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खिडकीकडची जागा मला हवी. आणि मला घ्यायला टेम्पो सरळ बाजूनं आण म्हणावं दत्तूला."

"आणतो काकू," मी म्हणलं.

अण्णांनी वाटी खाली ठेवली. शिट्टी चाचपली. काहीतरी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडणं आलंच नाही. मग गर्रकन वळले आणि बोळातनं, पुढच्या खोलीतनं, ज्या दारानं आले होते त्याच दारानं बाहेर निघून गेले.

मी काकूंकडं बघितलं. काकूंनी माझ्याकडं.

"बोलू नको काही," काकू म्हणाल्या.

मी चपला उचलल्या आणि मोरीवरनं गेलो.