जनुभाऊ आणि मधले पाच भाग

साठ फूट उंच रोबोटचा डावा हात आठव्या भागात खांद्यापासून उखडला आणि समुद्रात पडला. नवव्या भागात तो जागच्या जागी होता. समुद्रातून तो काढला कुणी, बसवला कुणी, बोल्ट कुठले वापरले, कशाचाच खुलासा नाही. या गुन्ह्याबद्दल आमचे जनुभाऊ वसईत भेटेल त्याला धरून जाब विचारत होते. मी स्वतः तीनदा सापडलो. एकदा तर सलूनच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला साबण आणि गळ्याला टॉवेल बांधलेला असताना. पळणार कुठे?

"तुम्ही शिकलेले आहात," जनुभाऊ आरशातल्या मला म्हणाले. "तुम्ही सांगा. आमच्या शेडला हे चाललं असतं?"

जनुभाऊंची शेड म्हणजे एका पोलाद कारखान्यातली क्रेनची शेड. छताखालून धावणाऱ्या क्रेनच्या देखभालीत त्यांची छत्तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण जगातली प्रत्येक गोष्ट आजही त्या शेडला चाललं असतं की नसतं यावर ठरते. लग्नातली पंगत, पालिकेचं गटार, माझ्या मुलीचं इंजिनियरिंग, सगळं. आजवर शेडला चाललं असतं अशी एकच गोष्ट त्यांना सापडली आहे आणि ती म्हणजे ते स्वतः.

हे रोबोटचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं आमच्याच घराने, हे आधी कबूल करतो. टीव्हीवर बातम्या दिसेनात म्हणून त्यांनी माझ्या मुलीला, आदितीला, बोलावलं होतं. तिने टीव्ही दुरुस्त केला आणि जाता जाता एक जपानी कार्टून मालिका लावून दिली. "काका, यात मोठी मशिनं आहेत, तुम्हाला आवडेल," एवढंच ती म्हणाली. मालिकेचं नाव इतकं लांब आहे की ते उच्चारून होईपर्यंत पहिली लढाई संपते. जनुभाऊ तिला नुसतं 'मशीन' म्हणतात. एक सतरा वर्षांची चिडकी पोरगी त्या मशीनच्या छातीत बसून ते चालवते आणि आभाळातून येणाऱ्या शत्रूंशी लढते. सव्वीस भाग आहेत. जनुभाऊ रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला एक भाग लावायचे. शिफ्टसारखा. दोन नाही, अर्धा नाही.

आणि कसा लावायचे. आवाज शेवटपर्यंत वर. शिवाय पडद्यावरचं इंग्रजी वाचून प्रत्येक वाक्य आपल्या घरच्या वाडवळी बोलीत ओरडून सांगायचे. त्यावर स्वतःची टीका, तीही ओरडून. शत्रूचा स्फोट, पोरीची किंकाळी आणि जनुभाऊंचं "अगं, ब्रेक तपास आधी!" हे तिन्ही आवाज एकाच वेळी आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायचे. आमची बिल्डिंग त्यांच्या वाडीला लागूनच. मधे फक्त कुंपण आणि केळी.

हे कुंपण साधं नाही. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या वाडीचं बावखल होतं. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. पानवेली, केळी, भाजीपाला, सगळं त्याच्यावर. वाटण्या झाल्या तेव्हा ते थोरल्या भावाच्या, दादांच्या वाट्याला गेलं. दादांनी नऊ वर्षांपूर्वी ते विकलं. एका पावसाळ्याआधी त्यात भराव पडला आणि त्या दिवसापासून दोन भावांचं बोलणं बंद झालं. घर एकच, मधोमध वाटलेलं. ओटाही एकच होता, त्यावर जनुभाऊंनी स्वतःच्या हाताने पत्र्याची आडभिंत उभी केली. वेल्डिंग असं, की भूकंपात घर पडेल पण पत्रा राहील. पत्र्याच्या पलीकडे दादा. पंच्याहत्तरीचे, बायको गेलेली, मुलगा नायगावच्या टॉवरमध्ये. दोघं भाऊ एकाच ओट्यावर हातभर अंतरावर बसायचे आणि नऊ वर्षांत एकमेकांना 'पाऊस आला' एवढंसुद्धा म्हणाले नव्हते.

आणि मला जनुभाऊ 'बिल्डिंगवाले' म्हणतात. नावाने कधीच नाही. "काय बिल्डिंगवाले, आज गाडी बावखलात लावलीत का?" असं रोज सकाळी. माझं पार्किंग नेमकं तळ्याच्या मध्यावर येतं, हे त्यांनी मला काठी रोवून दाखवलं आहे.

तर, पहिल्या आठ भागांवर जनुभाऊ खूश होते. म्हणजे त्यांच्या मानाने खूश. मशीनच्या गुडघ्यातून तेल गळतं, ती पोरगी सीटबेल्ट लावत नाही, एवढ्याच तक्रारी. बिघडलं ते नवव्यापासून. नवव्यात तो हात. त्यातच लढाई थांबते आणि सगळी मंडळी समुद्रावर सहलीला जातात. अकराव्यात स्वयंपाक. चक्क वीस मिनिटं शेवया शिजतात. बाराव्यात ती पोरगी रुसून कपाटात बसते. आणि तेराव्या भागात कळस! नवीन काही नाहीच. पहिल्या बारा भागांतले तुकडे कापून, जोडून, वर कुणीतरी मागची हकिकत सांगतंय.

"बारा दिवसांचं शिळं एका ताटात वाढलंय," जनुभाऊ मच्छीवालीसमोर कडाडले. ती सुरमईची किंमत सांगायचीच विसरली.

फक्त दहाव्या भागाचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. "दहावा वाईट नाही," ते म्हणायचे, आणि लगेच आपणच आपल्यावर खेकसायचे, "पण वाईटच आहे. लढाई कुठंय?" एकदा म्हणाले, "त्यात एक म्हातारा मेकॅनिक आहे," आणि पुढे काहीच बोलले नाहीत. जनुभाऊंचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चौदावा भाग बघणार नाही अशी त्यांनी प्रतिज्ञा केली. आदितीला बसवून जपानच्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहवलं. 'विषय : डावा हात'. पत्रात चार प्रश्न, एक आकृती आणि शेवटी 'आपण माझा विश्वासघात केला आहे' असं वाक्य. आदिती म्हणाली, काका, एवढं कडक नको. ते म्हणाले, याहून कडक होतं, तू लहान आहेस म्हणून गाळलं.

मला यात एकच चांगली बाजू दिसत होती. संध्याकाळी सात वाजता शांतता होती. आमच्या सोसायटीत लोक खिडक्या उघडून बसू लागले. पंधरा दिवस हे सुख टिकलं.

आणि एका बुधवारी सातच्या ठोक्याला पुन्हा धडामधूम. तेच युद्ध, तीच किंकाळी, वर जनुभाऊ. एकदा संपलं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशीही तेच. आदितीने कान देऊन निदान केलं, "बाबा, हा तेरावा भाग आहे. शिळा."

आता माझाही संताप झाला. ज्या मालिकेने माझी अर्धी दाढी खाल्ली, तिचाच शिळा भाग हा माणूस मला दिवसातून दोनदा ऐकवतो? कमिटीने एकमताने मला पाठवलं. एकमत म्हणजे मी सोडून सगळ्यांचं.

शुक्रवारी दुसरा फेरा चालू असतानाच मी वाडीत शिरलो. मनात भाषण तयार होतं. पण ओट्यावर पाऊल टाकलं आणि पहिली विचित्र गोष्ट दिसली. टीव्ही दारातून ओढून ओट्यावर आणलेला, आणि त्याचं तोंड जनुभाऊंच्या खुर्चीकडे नाही, पत्र्याकडे. जनुभाऊ मान वाकडी करून, जवळजवळ बाजूने तो बघत होते. पत्र्याला कशाला दाखवायची मालिका? आवाज मात्र त्या पत्र्यावर आपटून दुप्पट होऊन आमच्याकडे येत होता, हे कळलं.

दुसरी गोष्ट मी येताना पाहिली होती, पण तिचा अर्थ आत्ता लागला. दादा पत्र्याच्या पलीकडे, आपल्या खुर्चीत बसले होते. डोळ्यांना काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून मुलाकडून, नायगावहून, बुधवारी परतले होते.

मग तेराव्या भागाच्या दिवशी सकाळी मच्छीवालीच्या टोपलीपाशी झालेलं एक बोलणं मला आठवलं. दादा चार दिवस झाले नायगावला आहेत, हे जनुभाऊंना सांगितलं होतं तिने. सख्ख्या भावाला कुणी कळवलं नव्हतं, कारण कळवायला बोलावं लागतं. जनुभाऊ तेव्हा हातात बोंबील धरून पायरीवर खाली बसले होते. उन्हाने चक्कर आली असेल असं मला वाटलं. त्या आधीचे चार दिवस हा माणूस रोज सात वाजता नववा, दहावा, अकरावा, बारावा भाग ओरडून ओरडून एका रिकाम्या खुर्चीला ऐकवत होता. मधल्या भागांवर त्यांचा राग सुरू झाला तो हे कळलं त्या दिवसापासून.

मी भाषण गुंडाळलं आणि चपला काढल्या.

"बसा, बिल्डिंगवाले," जनुभाऊ म्हणाले. "बरे आलात. बघा हा अन्याय. सगळं दाखवलं यांनी. सहल दाखवली, शेवया दाखवल्या, ती कपाटात बसलेली दाखवली. पण म्हातारा गाळला. दहावा भाग अख्खा गाळला."

त्यांनी टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर उभे राहिले. पण पाठ मला आणि तोंड पत्र्याला.

"तुम्हाला सांगतो काय होतं दहाव्यात," ते मला म्हणाले, बोलीत. मला ती बोली निम्मीच कळते, हे त्यांना ठाऊक आहे.

आणि त्यांनी दहावा भाग करून दाखवला. सगळे सहलीला गेले आहेत. मशीन शेडमध्ये एकटं. म्हातारा मेकॅनिक शिडी लावून वर चढतो. जनुभाऊ खरोखरच खुर्चीवर चढले. एकेका सांध्याला ग्रीस लावतो. खांदा, कोपर, मनगट. त्याला कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघतही नाही. मशीनशी तो एक अक्षर बोलत नाही. काम झाल्यावर फडक्याने हात पुसतो आणि त्याच्या पायाशी टेकून बसून राहतो. जनुभाऊंनी धोतराच्या सोग्याला हात पुसले, खुर्चीवरून उतरले आणि पत्र्याला पाठ टेकून खाली बसले.

"बस. एवढंच," ते म्हणाले. "वीस मिनिटांत एवढंच होतं."

पलीकडे खुर्ची करकरली. कुणीतरी घसा साफ केला.

"तो म्हातारा मरत नाय ना रे पुडं?" दादांचा आवाज आला.

जनुभाऊ हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच बोललो असेन तर बरं. मी मान हलवली. मी नव्हतो.

मग ते बोलले आणि त्यांना इतक्या हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"कुणाला माहीत," ते म्हणाले. "मी नाय बघितलं पुडचं. तू नव्हतास ना."