रेशमराव अजगरांच्या पहिल्या भोजनाची हकीकत

श्रीगजाननास आणि तमाम भुकेल्या जीवांस नमन करून लिहिलें जातें. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरीं, ऐन थंडीचे दिवसांत वर्तमान जाहलें तें ऐसें जे, लाकूडतोड्यांनीं रानांतून अजगराचें पिल्लूं आणिलें, हातभर लांब, अंगठ्याएवढें जाड, आणि तें राणी चिमाबाईसाहेब यांणीं पदरीं घेऊन रेशमराव ऐसें नांव ठेविलें, आणि मग रेशमराव कांहीं केल्या अन्नास तोंड लावीनात. राजेसाहेबांनीं निक्षून सांगितलें कीं, अमावास्येपर्यंत न जेवल्यास रानांत सोडावें, उपाशी मरणें आम्हांस पाहवत नाहीं. रानांत मुंगुसें टपलेलीं, आणि बाईसाहेबांचा जीव टांगणीस लागला.

त्या राज्याचा रिवाज ऐसा कीं, राजघराण्यांतील कोणीं एकटें जेवूं नये. म्हणोन रेशमरावांस चांदीचा पाट मांडिला, भोंवतीं रांगोळी घातली, पुढें मेलेला उंदीर वाढिला, आणि सरदार मानकरी डोळे लावून उभे राहिले, आणि भाटानें पाय आपटून बिरुदें गर्जिलीं, मग रेशमराव वेटोळें करून त्यांत तोंड खुपसून बसले. कारभारी भिवजीपंत यांणीं मसलत दिली कीं, मानकरी कमी पडले, आणखी बोलवावे. बोलाविले. शहाणपणाची कमाल जाहली.

तें पाहतां बाईसाहेबांस आपण लग्न होऊन आलों तो दिवस आठवला. हाच पाट, हीच गर्दी, आणि पहिला घास घशांत अडकलेला. त्यानंतर पोटभर जेवण त्यांस ठाऊकच नव्हतें. डोळे भरून आले, आणि त्या उठल्या.

"पंत, सर्वांस बाहेर न्या. तुम्हीही जा."

"बाईसाहेब, रिवाज मोडतो."

"मोडूं द्या. लेकरूं उपाशी आहे."

मग स्वहस्तें उंदीर ऊन पाण्यांत धरून कोमट केला, शेगडीजवळ पिल्लावर आणि उंदरावर टोपली पालथी घातली, आणि आपणही बाहेर येऊन दार ओढून घेतलें. पाहण्याचा मोह फार जाहला, परंतु फटीस डोळा लाविला नाहीं. सकाळीं टोपली उचलितां उंदीर नाहींसा आणि रेशमरावांचें पोट मधोमध फुगलेलें. बाईसाहेब हंसल्या आणि रडल्याही.

त्या दिवशीं त्यांणीं आपलें ताट दालनांत मागवून दार लाविलें. थोडे वेळानें दार वाजलें. बाहेर राजेसाहेब, आपलें ताट आपण हातीं धरून. हळूच म्हणाले, "आंत जागा आहे काय?"

"आहे. दार लावून घ्यावें."

येणेंप्रमाणें रेशमराव जगले, मानकरी राजाराणींच्या रिकाम्या पाटांच्या रांगोळीपाशीं तिष्ठत राहिले, आणि राजा राणी लग्नानंतर प्रथमच पोटभर जेवलीं. हकीकत इतकीच.